विहिरीच्या खोलीपासून सुरुवात: सैद्धांतिक भौतिकशास्त्र काय करतं आणि त्यात गणित कसं वापरतात

सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाचं काम थोडक्यात असं असतं. निसर्गातला एखादा प्रसंग घ्यायचा आणि त्यातलं काय धरायचं, काय सोडायचं हे ठरवायचं. जे धरलं ते समीकरणात मांडून उत्तर थेट आकड्यापर्यंत न्यायचं. मग तो आकडा मोजमापाशी ताडून बघायचा आणि जुळला नाही तर आपलं काय सुटलं ते हुडकायचं. गणित म्हणजे यातलं मधलं काम, असं बहुतेक विद्यार्थी धरून चालतात. पण काय सोडायचं हेसुद्धा गणितानंच ठरतं. नवशिके अडतात ते इथंच, कारण शाळेच्या पुस्तकात ‘हवेचा विरोध नगण्य माना’ हे आधीच छापलेलं असतं. तो नगण्य आहे की नाही हे स्वतः ठरवायची वेळ कधी येतच नाही.

हा लेख कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, कारवार या पट्ट्यात मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला जाणाऱ्यांसाठी आहे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांनाही तो चालेल. सामान फारसं लागत नाही: एक जाड वही, पेन्सिल, फोन, त्यातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि मीटरभर दोरा.

आधी एक विहीर

वापरात नसलेली, कठडा शाबूत असलेली विहीर निवडा. पिण्याच्या पाण्याची नको. सोबत मोठं माणूस असू दे, आणि कठड्यावरून आत वाकू नका. सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा काळा दगड हात पुढे करून सोडून द्या, फेकू नका. सोडल्यापासून पाण्याचा आवाज कानावर येईपर्यंतचा वेळ मोजा. समजा २.० सेकंद आले. पाणी किती खोल आहे?

सूत्र लगेच वापरू नका. आधी या २ सेकंदांवर कशाकशाचा परिणाम झाला असेल त्याची यादी वहीत करा. गुरुत्वाकर्षण तर आहेच. आवाजाला वर यायला वेळ लागतो. हवा दगडाला अडवते. पुस्तकात गुरुत्व त्वरण ९.८ लिहिलेलं असतं, पण बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आणि १६ अंश अक्षांशाजवळ आहे, त्यामुळे इथं ते ९.७८ च्या आसपास येतं. बटण दाबणाऱ्या बोटाला उशीर होतो. चंद्राची ओढही आहे. दगडाचा रंग यादीत का नको, हेही एका ओळीत लिहून ठेवा.

आता यातली सगळ्यात मोठी गोष्ट तेवढी धरा:

खोली = ½ × ९.७८ × २² = १९.५६ मीटर.

हे पहिलं उत्तर. यानंतर आवाजाचा विचार करू. २५ अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. १९.५६ मीटर वर यायला त्याला ०.०५७ सेकंद लागतील, म्हणजे दगड प्रत्यक्षात १.९४३ सेकंदच पडत होता. हा वेळ घालून पुन्हा गणित केलं की खोली १८.४७ येते. या खोलीवरून आवाजाचा वेळ पुन्हा काढला तर तो ०.०५३ सेकंद, आणि खोली १८.५३. आणखी एकदा केलं तरी १८.५३ च राहतं.

सुधारणा कशा लहान होत गेल्या ते बघा. पहिली १.०९ मीटर, दुसरी ०.०६ मीटर, तिसरी अवघे काही मिलिमीटर. दर वेळी सुधारणा आधीच्या साधारण अठराव्या हिश्शाची झाली. हा अठरा आकडा आला कुठून? पाण्यावर आदळताना दगडाचा वेग सेकंदाला १९ मीटर होता, आवाजाचा ३४६. एकाला दुसऱ्यानं भागलं की ०.०५५, म्हणजे एक अठरांश. विहिरीच्या गणिताची गुरुकिल्ली हीच छोटी संख्या आहे. ती छोटी आहे म्हणून पहिलं उत्तर बरं आलं, आणि पुढची उत्तरं झपाट्यानं स्थिरावली. प्रश्न हातात घेतल्यावर आधी अशी छोटी संख्या शोधायची, ही सवय लागली की सैद्धांतिक भौतिकशास्त्र सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

उरलेल्या गोष्टींचाही हिशोब करू. हवेच्या विरोधामुळे एवढ्या दगडाच्या बाबतीत फरक सुमारे ३० सेंटिमीटरचा पडतो. ९.७८ ऐवजी ९.८ घेतलं तर ४ सेंटिमीटरचा. बोटाकडून ०.१ सेकंदाची चूक झाली तर मात्र १.९ मीटरचा, कारण शेवटी दगड सेकंदाला १९ मीटर वेगानं चाललेला असतो. म्हणजे हातानं मोजलेल्या वेळेवरून ‘१८.५३ मीटर’ लिहिणं चूक आहे. ‘सुमारे १८ मीटर, दोनेक मीटर कमीजास्त’ हे प्रामाणिक उत्तर. बोटाचा उशीर बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. तो कमी केल्याशिवाय हवेचं गणित करत बसण्यात काही हशील नाही.

तो कमी करता येतो. फायफॉक्स नावाच्या मोफत ॲपमध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. ते पहिल्या आवाजाला सुरू होतं आणि दुसऱ्याला थांबतं. दगड कठड्यावरच्या फळीच्या टोकाशी ठेवा आणि काठीनं टक्क आवाज होईल असा, अगदी हलका, बाजूला सारा. फोन जवळच ठेवा. पहिल्यांदा हे बहुधा फसतं. स्टॉपवॉच ०.१०७ सेकंदातच थांबतं, कारण काठीच्या आवाजाचा प्रतिध्वनी पाण्यावरून परत येतो. ॲपमध्ये दुसऱ्या आवाजाआधीचा किमान अवधी ०.५ सेकंद ठेवला की अडचण मिटते. मात्र तो ०.१०७ आकडा पुसू नका. ३४६ ला ०.१०७ नं गुणून निम्मं केलं की साडेअठरा मीटर येतात. आवाजावरून मिळालेली ही खोली दगडावर अजिबात अवलंबून नाही. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा. आता वेळेतली चूक ०.०१ सेकंदावर आली, म्हणजे खोलीत २० सेंटिमीटर, आणि आता हवेचे ३० सेंटिमीटर धरावेच लागतात.

हेच उत्तर एका फटक्यातही काढता येतं. एकूण वेळ = √(२ × खोली ÷ ९.७८) + खोली ÷ ३४६. खोलीचं वर्गमूळ अज्ञात धरलं की हे सरळ वर्गसमीकरण होतं. त्याला दोन उत्तरं येतात, त्यातलं एक ऋण असतं. वर्गमूळ म्हणून आपण धन संख्या धरली आहे, तेव्हा ऋण उत्तर सोडायचं आणि सोडण्याचं कारण वहीत लिहायचं. दुसऱ्या उत्तराच्या कंसात ०.४७७०९५ वजा ०.४५२२१६ अशी वजाबाकी येते, तिला १७३ नं गुणायचं असतं आणि खोलीसाठी शेवटी वर्ग करायचा असतो. इथं भल्याभल्यांची गफलत होते. दोन्ही आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत तोडले तर ०.४८ वजा ०.४५ म्हणजे ०.०३ येतात, आणि खोली निघते २७ मीटर! सूत्र बरोबर, कॅल्क्युलेटर बरोबर, तरी उत्तर दीडपट. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी आली की बरोबर असलेले आकडे गळून जातात. म्हणून अशा ठिकाणी मधले आकडे कधीच तोडू नयेत, शेवटी एकदाच पूर्णांकन करावं. पायरीपायरीनं सुधारत जाण्याच्या पहिल्या पद्धतीत हा धोका नव्हता. ती नुसती सोपी नाही, पुष्कळदा अधिक सुरक्षितही असते.

हीच युक्ती अणूच्या आत

प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या सिद्धांतातही अशीच एक छोटी संख्या आहे, साधारण १/१३७. इलेक्ट्रॉन हा अगदी लहान चुंबकही असतो, आणि त्याची ताकद आधीच्या सिद्धांताच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त भरते. किती जास्त, याची पहिली सुधारणा ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये काढली: १ भागिले (२ × पाय (π) × १३७). कॅल्क्युलेटरवर करून बघा, ०.००११६ येतं. मोजलेली किंमत ०.००११५९६५ आहे. पुढच्या सुधारणा करत गेलं की सिद्धांत आणि प्रयोग दहाव्या दशांश स्थळाच्याही पुढे जुळतात. विहिरीत आपण तीन फेऱ्या केल्या. इथं एकेका फेरीला कित्येक वर्षं गेली, पण रीत तीच. तिला पर्टर्बेशन थिअरी म्हणतात.

रीत कुठं मोडते हेही विहिरीतूनच समजतं. हवा अडवत नाही असं धरून ६ किलोमीटरहून खोल विहीर कल्पना करा. दगडाचा वेग आवाजाइतका होतो, छोटी संख्या छोटी राहत नाही, ती १ होते, आणि फेऱ्या मारून उत्तर स्थिर होत नाही. प्रोटॉनच्या आत क्वार्क नावाच्या कणांना बांधून ठेवणाऱ्या बलाचं असंच आहे. तिथं ही पद्धत कामाला येत नाही, म्हणून अवकाशाची चौकोनी जाळी करून तिच्या ठिपक्यांवर महासंगणकावर गणित करतात. ती वाट केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये दाखवली.

एकक सांभाळा

समीकरण लिहायच्या आधीच बरंच काही कळू शकतं. मीटरभर दोऱ्याला नट बांधा आणि लंबक करा. एका झोक्याला लागणारा वेळ दोऱ्याची लांबी, नटाचं वस्तुमान आणि गुरुत्व त्वरण यांवर अवलंबून असेल असं धरू. उत्तर सेकंदांत हवं. लांबी मीटरमध्ये, त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गात, वस्तुमान किलोग्रॅममध्ये. किलोग्रॅम खोडायला दुसरं काहीच नाही, म्हणून वस्तुमान बाद. लांबीला त्वरणानं भागून वर्गमूळ घेतलं तरच सेकंद येतात. म्हणजे दोरा चौपट केला की वेळ दुप्पट, एकही समीकरण न सोडवता. पुढचा २ × पाय हा गुणक मात्र यातून निघत नाही. त्यासाठी न्यूटनचा दुसरा नियम लावून समीकरण सोडवावं लागतं.

मोजून बघताना तीन ठिकाणी चुका होतात. लांबी गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत धरायची. एक सेंटिमीटर चुकलं की गुरुत्व त्वरणात १ टक्का चूक. एकच झोका मोजू नका, २० मोजा. बेळगावात मीटरभर लंबकाचे २० पूर्ण झोके ४०.२ सेकंदांत व्हायला हवेत, आणि तिथं ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तरी १ टक्का चूक येते. तिसरं, झोका मोठा देऊ नका. सूत्र काढताना कोनाचा साइन आणि कोन एकच धरलेले असतात. १० अंशांपर्यंत त्यानं ०.२ टक्केच फरक पडतो, ३० अंशांना १.७ टक्के.

गणित संपल्यावर दर वेळी दोन तपासण्या करा. दोन्ही बाजूंची एककं सारखी आहेत का? आणि टोकाची किंमत घातली तर ओळखीचं उत्तर परत येतं का? विहिरीच्या सूत्रात आवाजाचा वेग अनंत केला तर साधं ½ × त्वरण × वेळ² मिळालं पाहिजे. मिळालं नाही तर चूक वरच्या ओळींत आहे. या तपासण्यांना मिनिटभर लागतं आणि निम्म्याहून जास्त चुका त्यातच सापडतात. तरीही विद्यार्थी त्या करत नाहीत, कारण परीक्षेत त्याला गुण नसतात. वाईट वाटतं, पण आहे असं.

सरावाला घ्या गोकाकचा धबधबा. घटप्रभेचं पाणी तिथं ५२ मीटर खाली येतं. मोकळं पडलं असतं तर ३.२६ सेकंद लागले असते आणि खाली वेग ताशी ११५ किलोमीटर झाला असता. पण पाण्याचे थेंब होतात, आणि मोठा थेंबसुद्धा हवेत सेकंदाला साधारण ९ मीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे हा अंदाज साफ कोसळला. आता दुसरा प्रश्न: खालचं पाणी वरच्यापेक्षा किती गरम? उंचीची ऊर्जा सगळी उष्णतेत गेली असं धरलं तर ९.७८ × ५२ ÷ ४१८६, म्हणजे ०.१२ अंश सेल्सिअस. थेंब कसे पडले याच्याशी या हिशोबाला घेणंदेणं नाही. ऊर्जेची बेरीज दोन्हीकडे सारखी असते, एवढ्यावर तो उभा आहे. बाष्पीभवनामुळे पाणी थंडही होतं, म्हणून पडण्यामुळे होणारी वाढ जास्तीत जास्त ०.१२ एवढंच म्हणायचं. वाटेतले तपशील बदलले तरी जे बदलत नाही, त्याला सिद्धांतात फार मान आहे. एमी नोएदर यांनी १९१८ मध्ये दाखवलं की असा प्रत्येक अक्षय्यतेचा नियम निसर्गातल्या एकेका सममितीतून येतो. निसर्गाचे नियम आज आणि उद्या सारखेच असतात, यातून ऊर्जेची अक्षय्यता निघते.

आकडा जुळला नाही तर

युरेनसची कक्षा हिशोबाप्रमाणे येईना, तेव्हा अर्बेन ल वेरिए यांनी बाहेर आणखी एक ग्रह आहे असं धरून त्याची जागा कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गाले यांनी दुर्बीण लावली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही गडबड दिसली. शतकात ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हिशोब लागेना. ल वेरिए यांनी पुन्हा तोच उपाय केला: सूर्याजवळ एक नवा ग्रह. त्याला नावही मिळालं, पण ग्रह काही सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइननी गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणं मांडली, आणि ४३ विकला त्यातून आपोआप बाहेर पडल्या.

दोन्ही वेळा गणिती ताकद तीच, माणूस तोच. पहिल्यांदा यादीतून एक वस्तू सुटली होती, दुसऱ्यांदा नियमच अपुरा होता. कोणतं सुटलंय हे आधी कळायची सोय नाही. कळतं ते एवढंच, की ४३ विकला ही चूक ‘लहान आहे, जाऊ दे’ म्हणण्याजोगी नव्हती, कारण मोजमापातली चूक त्याहून बरीच लहान होती. बोटाच्या उशिराचा हिशोब करायला शिकायचं ते यासाठी.

कधी कधी आकडा ताडायला दशकं जातात. बंगळुरूच्या नेहरू तारांगणाचे संस्थापक संचालक सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० मध्ये कागदावर दाखवलं होतं की धक्का बसलेलं कृष्णविवर ठराविक कंपनं करत शांत होतं. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ ला, आणि त्या नोंदीच्या शेपटाशी तसंच विझत जाणारं कंपन होतं.

कोणतं गणित, कोणत्या क्रमानं

दहावीनंतरच्या सुटीत विकलन (डिफरन्सिएशन, म्हणजे बदलाचा दर काढणं) शिकून घ्या. घातांक, साइन, कोसाइन, घातांकी फल, लॉगॅरिदम यांचं विकलन आणि साखळी नियम एवढं पुरे. कारण व्यवहारातलं आहे: पीयूसीच्या पहिल्या वर्षी फिजिक्सचा तास वेग आणि त्वरणासाठी विकलन पहिल्या महिन्यांतच वापरतो, आणि गणिताच्या तासाला ते बरंच उशिरा येतं. या फटीत पुष्कळ जण फिजिक्सवरच काट मारतात. वहीच्या मागच्या पानांवर संज्ञांची दोन रकान्यांची यादी ठेवा, मराठी आणि वर्गात ऐकलेली इंग्रजी, म्हणजे संवेग आणि मोमेंटम एकच हे शोधण्यात वेळ जात नाही.

विकलनाइतकीच कामाची गोष्ट म्हणजे श्रेणी. क्ष लहान असेल तर (१ + क्ष) चा कोणताही घात ‘न’ हा जवळजवळ १ + न × क्ष असतो. √१.०२ म्हणजे १.०१. खरी किंमत १.००९९५. लंबक, विहीर, इलेक्ट्रॉन, सगळीकडे हेच एक हत्यार चाललं आहे, आणि परीक्षेच्या तयारीत याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. क्ष च्या ०.१, ०.०१, ०.००१ अशा किमती घालून चूक किती वेगानं घटते याचा तक्ता स्वतः करा.

पुढे व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आणि अवकल समीकरणं (बदलाच्या दरांची समीकरणं) येतात. न्यूटनचे नियम अवकल समीकरणांत बोलतात, वीज आणि चुंबकत्व व्हेक्टरांच्या कलनशास्त्रात. मॅक्सवेलची समीकरणं पूर्ण समजायला वर्षं लागतात, पण त्यातलं एक फळ आजच तोडता येतं. निर्वाताची पर्मिअॅबिलिटी (चुंबकत्वाच्या सूत्रातला स्थिरांक) ४ × पाय × १०⁻⁷ आणि पर्मिटिव्हिटी (विजेच्या सूत्रातला स्थिरांक) ८.८५४ × १०⁻¹². गुणाकार करा, वर्गमूळ घ्या, १ ला त्यानं भागा: सेकंदाला २.९९८ × १०⁸ मीटर. विजेच्या तारा, चुंबक आणि विद्युतभार यांच्या प्रयोगांतून आलेल्या दोन आकड्यांतून प्रकाशाचा वेग निघाला, आणि प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे मॅक्सवेलना १८६० च्या दशकात उमगलं. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी हे दोन्ही आकडे पाठ करायला लागतात. पाठ करण्याआधी एकदा गुणून बघाच.

मॅट्रिक्सना कंटाळू नका. १९२५ मध्ये हायझेनबर्ग यांनी अणूसाठी आकड्यांचे विचित्र तक्ते मांडले, आणि हे मॅट्रिक्स आहेत हे माक्स बोर्न यांच्या लक्षात आलं. क्वांटम मेकॅनिक्स आजही मॅट्रिक्स, आयगेन मूल्यं आणि संमिश्र संख्या यांवर चालतं. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सवर हात बसला की त्याची बरीच कोडी सुटतात. उष्णता आणि वायूंसाठी संभाव्यता लागते. मूलकणांसाठी ग्रुप थिअरी आणि सापेक्षतेसाठी वक्र अवकाशाची भूमिती, ही दोन्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाआधी हातात घ्यायची घाई नको. कृष्णविवराच्या ओढीनं थेट टेन्सरवर, म्हणजे सापेक्षतेच्या गणितावर, उडी मारणारे बहुतेक जण महिन्याभरात थकतात. ओढ खोटी नसते, पण मधल्या पायऱ्या राहून गेलेल्या असतात.

पुस्तक वाचायची रीत वेगळी आहे. पेन्सिल हातात घेतल्याशिवाय पान उलटू नका. दोन समीकरणांच्या मधे ‘यावरून सहज दिसते की’ असं असेल तिथं थांबा आणि मधल्या ओळी स्वतः भरा. एका पानाला तासभर लागला तर ते नेहमीचंच आहे. आठवड्याला पाच गणितं घ्या, पण एककं, टोकाच्या किमती आणि चुकीच्या अंदाजासकट पूर्ण करा. उत्तरं बघत सोडवलेल्या पन्नासांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त.

संगणक

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. लंबकाचं समीकरण त्यात सोडवताना सगळे एकाच खड्ड्यात पडतात. जुन्या वेगानं नवी जागा काढायची, जुन्या जागेवरून नवा वेग काढायचा, ही सगळ्यात सोपी पद्धत. मीटरभर लंबक, ०.०१ सेकंदाची पायरी, लहान झोके. पडद्यावर झोके हळूहळू वाढत जातात, आणि मिनिटभरात ऊर्जा साडेतीनशे पट होते! प्रत्येक पायरीला ऊर्जा ९.७८ × ०.०१² इतक्या हिश्शानं, म्हणजे सुमारे ०.१ टक्क्यानं वाढते आणि ६००० पायऱ्यांत चक्रवाढ होते. उपाय एका ओळीचा आहे: आधी नवा वेग काढा, मग जागा काढताना तो नवाच वेग वापरा. वाढ थांबते. संगणकानं काढलेल्या चित्राशेजारी ऊर्जेचा आलेख काढायची सवय याच पहिल्या प्रोग्रामपासून लावा.

बेळगावहून पुढे

पीयूसीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच. चौथा विषय बायोलॉजीऐवजी कॉम्प्युटर सायन्स घेतला तर पुढे उपयोग होतो. बारावीच्या वर्षी नोव्हेंबरच्या आसपास फिजिक्स ऑलिंपियाडची पहिली फेरी असते. निवड झाली नाही तरी तिचे जुने पेपर सोडवण्यासारखे आहेत. पीयूसीनंतर पुण्यासह सात ठिकाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था आणि मुंबईचं अणुऊर्जा विभागाशी जोडलेलं केंद्र यांसाठी नेस्ट नावाची परीक्षा आहे. बंगळुरूच्या आयआयएस्सीतही चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. यांचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात, आणि सीईटीच्या गडबडीत तारखा हमखास निसटतात. जानेवारीपासून आठवड्यातून एकदा त्यांची संकेतस्थळं बघत चला.

यातलं काही जमलं नाही तरी वाट बंद होत नाही. बेळगाव, धारवाड किंवा कोल्हापुरात फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बीएस्सी करा आणि शेवटच्या वर्षी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. त्यावर आयआयटीतल्या एमएस्सीला प्रवेश मिळतो. पीएचडीसाठी जेस्ट आणि गेट या परीक्षा. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली आयुका आणि बंगळुरूचं आयसीटीएस या दोन्ही सैद्धांतिक संशोधनाच्या जागा आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. आयसीटीएसची व्याख्यानं यूट्यूबवर मोफत आहेत. बीएस्सीत असतानाच विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं, म्हणून दिवाळीच्या सुटीनंतर लगेच सरांना किंवा मॅडमना विचारून ठेवा.

एखाद्या शास्त्रज्ञाला उन्हाळी कामासाठी मेल लिहायचा असेल तर तो दहा ओळींच्या आत ठेवा. ‘मला विश्वाची रहस्यं उलगडायची आहेत’ असं लिहू नका. त्यांचा कोणता लेख किंवा व्याख्यान बघितलं, त्यातली कोणती ओळ स्वतः सोडवून पाहिली आणि नेमकं कुठं अडलं ते लिहा. सोबत हातानं सोडवलेलं एक पान स्वच्छ फोटो काढून जोडा, एककांसकट.